पिंपाचा धर्मबाप

४ नोव्हेंबर. बसमध्ये.

झाग्रेब सुटून तास झाला. बसमध्ये मी, दोन म्हाताऱ्या आणि टोपलीत एक बदक. ब्रेगोवेत्सला स्वखुशीने कोण जाणार? मीही जात नाहीये. मी नेवेंकाला परत आणायला चाललोय.

वस्तुस्थिती लिहून ठेवतो. माझी बायको सप्टेंबरात माहेरी गेली, द्राक्षं तोडायला. तिचा भाऊ इंब्रो शिडीवरून पडून कंबर मोडून बसला होता, म्हणून मी उदार मनाने परवानगी दिली. (तिने मागितली नव्हती. तरी दिली.) द्राक्षं तोडून झाली, रस पिंपात गेला, इंब्रो कुबडी घेऊन चालायला लागला, आणि ही अजून तिथेच. फोन केला की म्हणते, इथे काम आहे. खेड्यात कसलं काम? कोंबड्या आपली अंडी आपणच घालतात.

सर्व संतांच्या दिवशी, म्हणजे मृतांच्या आठवणीच्या सणाला, मात्र हद्द झाली. आईच्या थडग्यावर शेवंती घेऊन मी एकटा. अख्खं झाग्रेब दफनभूमीत, जोडीजोडीने. एका बाईंनी विचारलं, नेवेंका कुठे? म्हटलं, फ्लू. पुढच्या रांगेत दुसऱ्या बाईंनी विचारलं. म्हटलं, गुडघा. त्या दोघी बहिणी निघाल्या.

योजना: आज पोचणे. उद्या समज देणे. परवा दुपारच्या बसने दोघं परत. मुद्दाम एकच जादा शर्ट घेतलाय, म्हणजे माझा निर्धार तिला दिसेल.

बसचा ड्रायव्हर गुस्तेक नावाचा एक जाडा माणूस. वाटेत तीनदा थांबला. एकाला औषधं दिली, एकीच्या हातात बदक दिलं, तिसऱ्याशी नुसतं बोलला. याला हे लोक सार्वजनिक वाहतूक म्हणतात. मला विचारलं, नेवेंकाचे मिस्टर का? हो म्हटल्यावर आरशातून बराच वेळ बघत राहिला. आदर असणार.

४ नोव्हेंबर. संध्याकाळ.

पोचलो. ब्रेगोवेत्स जसं होतं तसंच आहे. दुर्दैवाने. चौक, चर्च, दोन बार, एक फार्मसी आणि धुकं. याला शहर म्हणतात. आमच्या बिल्डिंगमध्ये याच्यापेक्षा जास्त माणसं राहतात आणि लिफ्टही आहे.

स्टॉपवर कोणी न्यायला आलं नव्हतं. चिखलातून चढ चढून इंब्रोच्या घरी गेलो. नेवेंका अंगणात, गमबूट घालून. केस कापलेत, अगदी आखूड. मला न विचारता. माझ्याकडे बघून म्हणाली, "आलास?" एवढंच. आनंदाने शब्द फुटेना तिला.

दारातच सपाता दिल्या. तिच्या वारलेल्या वडिलांच्या. या घरात पाहुण्याला सपातांशिवाय आत घेत नाहीत, गार फरशीने मूत्रपिंडं जातात म्हणे.

जेवायला श्त्रुक्ली. चीज घातलेल्या या वळकट्या नेवेंका झाग्रेबला कधी करत नाही. मी सांगितलं की कणीक आणखी पातळ लाटायला हवी होती, मोठ्या हॉटेलात करतात तशी. इंब्रोने रेडिओ लावला.

माझी झोपायची सोय स्वयंपाकघरातल्या बाकावर. नेवेंका म्हणाली, तिच्या खोलीतला पलंग अरुंद आहे. जाता जाता बघितला. अरुंद नाही. पण शेतकामाने अंग ठणकतं, पाय पसरावे लागत असतील. समजून घेतलं.

५ नोव्हेंबर.

समज देणं उद्यावर ढकललं. कारण माझं नाही. सकाळी सगळे टेकडीवरच्या क्लेतमध्ये गेले, मलाही नेलं. क्लेत म्हणजे द्राक्षाच्या मळ्यातली दोन खोल्यांची खोपटी. वर एक चूल आणि एक खाट, खाली तळघर, तळघरात पिंप. या लोकांचं देऊळ, बँक आणि नाट्यगृह सगळं तेच.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नळाखाली ग्लास धरून चव घेतली. मीही घेतली आणि कौतुकाने म्हटलं, वाइन बरी झालीय.

कोणीतरी हसलं. मग गुस्तेकने (हा बसवाला तिथेही हजर) समजावलं की संत मार्टिनच्या दिवसापर्यंत ही वाइन नसते. बाप्तिस्मा व्हायचाय, तोवर नुसता रस. त्याआधी जो वाइन म्हणेल त्याने टोपल्या आणि घंगाळं घासायची. मी त्यांना शास्त्र सांगितलं. साखरेची दारू झाली की ती वाइन, तिला बाप्तिस्मा लागत नाही. मी पाणीपुरवठा खात्याचा निवृत्त उपप्रमुख आहे, द्रवपदार्थांतलं मला कळतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ब्रश दिला.

घंगाळं मी अतिशय उत्तम घासली. बघत राहिले सगळे.

एक गोष्ट लक्षात आली. इंब्रोला तळघराच्या पायऱ्या उतरता येत नाहीत, म्हणून पिंपाचं सगळं नेवेंका बघते. रस निवतो तशी पातळी उतरते, मग वरून भर घालावी लागते. हवा शिरली की व्हिनेगर. मी म्हटलं, घाल भर आणि चल. तर म्हणते, पिंप सोडून जाता येत नाही. पिंपाला कोण पळवून नेतंय?

६ नोव्हेंबर.

समज दिली.

ती भोपळ्याच्या बिया सोलत होती. मी उभं राहून मुद्दे मांडले. एक, माझे शर्ट. दोन, बाथरूमचा दिवा गेलाय आणि नवे बल्ब ती कुठे ठेवते ते मला माहीत नाही. तीन, माझं पोट. चार, लोक काय म्हणतील. पाच, फ्लॅट. फ्लॅट तिच्या मावशीकडून आलाय, नावावर तिच्या आहे (ते कागदापुरतं), तेव्हा निदान त्याची तरी काळजी हवी. तिने पाचही मुद्दे ऐकले. बिया सोलणं थांबवलं नाही, पण पाचव्याला मान वर केली. फ्लॅटची आठवण येते असं म्हणाली. खूप येते म्हणाली.

लोखंड तापलं होतं. उद्याची बस पकडू म्हटलं. तर, मार्टिनचा दिवस होऊ दे, मग बघू.

म्हणजे होकार. दुपारच्या बसचा विचार मी स्वेच्छेने सोडून दिला.

शर्ट धुवायला टाकला. दुसरा अंगात. संकल्प: घास कमी, बोलणं कमी, वागणं भारदस्त.

७ नोव्हेंबर.

निसर्ग बघितला. फार नाही. टेकड्यांवर वेलींच्या रांगा, पानं गळालेली. खाली मक्याची कापलेली शेतं, चिखल, कावळे. दर टेकडीवर एक चॅपल आणि दर चॅपलमागे एक कुत्रा. पडक्या किल्ल्यापर्यंत गेलो. किल्ला म्हणजे दीड भिंत. त्यावर बसून विचार करत होतो तर शेजारीण यालझामावशी काठी हलवत आली. ऐंशीच्या घरातली बाई, पाठीवर सरपणाचा भारा. दगडावर बसता कसे म्हणे, थंडी खालून चढते, उद्या कंबर धरली की कोण शेकणार. शेकायला बायको आहे म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान मूल पडायच्या आधी बघतात.

अडाणी लोक. अंधश्रद्धा.

८ नोव्हेंबर.

कंबर धरली. दगडाशी संबंध नाही. बसमधल्या वाऱ्याच्या झोताने झालं असणार, गुस्तेक खिडकी उघडी ठेवतो.

पडून राहिल्यामुळे विचाराला वेळ मिळाला आणि एक उत्तम कल्पना सुचली. मार्टिनच्या दिवशी रसाचा बाप्तिस्मा करायला खोटा बिशप लागतो. गेली कित्येक वर्षं तो मान गुस्तेककडे. पुठ्ठ्याचा मुकुट, त्यावर चॉकलेटचा सोनेरी कागद, आणि हातात काठी. त्याचा आवाज रेडिएटरसारखा. माझा आवाज बॅरिटोन, खोल आणि घुमणारा. ऑफिसच्या गायकवृंदात मी अनेक वर्षं होतो. (पुढे बाहेर पडलो. माझा आवाज इतरांना झाकतो अशी तक्रार होती.) शिवाय शाळेत लॅटिन.

योजना: बिशप मी होणार. विधी चालू असताना, गावासमोर, नेवेंकाला विचारणार: घरी चलशील ना? भर सभेत बिशपला नाही कोण म्हणेल? तिचाही संकोच सुटेल. बिचारीला भावासमोर हो म्हणायला लाज वाटतेय, दुसरं काही नाही.

लॅटिनमध्ये थोडं लिहून काढलं. जिथे अडलं तिथे औषधांच्या बाटल्यांवरचं घातलं.

९ नोव्हेंबर, रविवार.

चर्च सुटल्यावर सगळे बारमध्ये. मी उमेदवारी जाहीर केली. कारणं दिली. नमुना म्हणून दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. बाहेर कुत्रं रडायला लागलं, तो योगायोग.

गुस्तेक म्हणाला, साहेबांचा आवाज मोठा आहे खरा, पण मुकुट त्यांच्या डोक्याला लहान पडेल. सगळे हसले. यात हसण्यासारखं काय होतं? माझं डोकं मोठंच आहे.

आणि मग नेवेंका उठली. माझी नेवेंका, जी बारमध्ये कधी तोंड उघडत नाही. स्वच्छ आवाजात म्हणाली:

"रायमुंडला बिशप नको. त्याला पिंपाचा धर्मबाप करा."

इंब्रोने ग्लास खाली ठेवला. यालझामावशीने छातीवर क्रूस काढला. गुस्तेकने हळूच विचारलं, नेवेंका, नक्की? ती म्हणाली, याच्याइतका जबाबदार माणूस मी पाहिला नाही.

डोळे भरून आले माझे. एकतीस वर्षांत असं ती पहिल्यांदा म्हणाली. आणि म्हणाली तीही लोकांसमोर.

विचार केला तर बाप्तिस्म्यात बाळाची जबाबदारी उचलणारा धर्मबाप मोठाच. बिशप येतो, बोलतो, पितो, जातो. बाप तो बाप. होकार दिला. सगळ्यांनी उठून हात मिळवले, गुस्तेकने तर दोन्ही हातांनी. इंब्रो मात्र खाली बघत होता. मत्सर असेल. दरवर्षी धर्मबाप तोच व्हायचा.

१० नोव्हेंबर.

तयारी. नेवेंकाने शर्ट इस्त्री केला. स्वतःहून! मला मफलर दिला, लोकरीचे पायमोजे दिले, क्लेतची चूल कशी पेटवायची ते दाखवलं. मी विचारलं, मला चूल कशाला? म्हणाली, धर्मबापाला माहीत असावं. भर घालायचं छोटं पिंप कुठे, नळी कुठे, बूच कसं पुसायचं, सगळं प्रेमाने समजावलं. तळघरात उतरताना आधी मेणबत्ती पुढे धरायची, विझली तर विषारी वायू साठलाय समजून माघारी फिरायचं. माझी इतकी काळजी.

संसाराची गाडी रुळावर आहे. झाग्रेबला गेलो की तिला नवं पातेलं घेऊन देईन.

११ नोव्हेंबर. संत मार्टिन.

घाईत लिहितोय. भाजलेला हंस आणि म्लिन्त्सी झाले, म्हणजे चरबीत भिजवलेले भाकरीचे तुकडे. तीन वेळा घेतले. संकल्पाला जागून चौथ्यांदा नाही म्हटलं.

विधी क्लेतसमोर. अख्खी टेकडी जमलेली. आधी मला स्वागताचा पेला दिला, नवा माणूस पहिल्यांदा मान घेतो तेव्हा तो खाली न ठेवता संपवायचा असतो. संपवला. दुसराही दिला. संपवला.

मग गुस्तेक तो मुकुट घालून पुढे. बाळाचं नाव विचारलं. नाव ग्राशेविना, द्राक्षाची जात तीच. मग विचारलं, बाळाच्या वतीने पाण्याचा त्याग करतोस का?

इथे मी अडखळलो. ज्या माणसाने आयुष्यभर अर्ध्या झाग्रेबला पाणी पाजलं, त्याने पाण्याचा त्याग करायचा? पण नेवेंका बघत होती. म्हटलं, करतो. टाळ्या.

पुढची शपथ लांबलचक होती. त्याने एकेक वाक्य सांगायचं, मी ते मोठ्याने म्हणायचं. शब्दांकडे लक्ष नव्हतं, उच्चारांकडे होतं. बॅरिटोन असा लागला की समोरच्या टेकडीवरून परत येत होता.

शेवटी मी सगळ्यांना गप्प केलं आणि मुख्य मुद्द्याला हात घातला. नेवेंकाला सर्वांदेखत म्हटलं, आता बाळाची चिंता सोड, बॅग भर आणि घरी जायचं बघ.

ती पुढे आली. माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "जाते, रायमुंड. गुरुवारच्या बसने जाते."

काय टाळ्या पडल्या! यालझामावशी डोळे पुसत होती. जिंकलो. शुद्ध वक्तृत्वाने जिंकलो.

१२ नोव्हेंबर. उशिरा उठलो.

डोकं. ओह.

बॅग भरायला घेतली. (एक शर्ट. वेळ लागला नाही.) इंब्रो कुबडी टेकत आला, विचारलं, कुठे? म्हटलं, उद्याच्या बसने आम्ही दोघं. तो बाकावर बसला. मग म्हणाला:

"दाजी, धर्मबाप संत विन्सेंटच्या दिवसापर्यंत टेकडी उतरत नाही. क्लेतमध्येच राहतो. शपथ तुम्ही घेतलीत. तीही अशा आवाजात, की खालच्या गावात ऐकू गेली."

संत विन्सेंट जानेवारीच्या शेवटाकडे! त्या दिवशी हे लोक वेलींना पहिली कात्री लावतात आणि फांद्यांना सॉसेजेस टांगतात. सुशिक्षित युरोपात.

मी विचारलं, आणि उतरलो तर? इंब्रो म्हणाला, तर पिंप आंबतं, आणि घराचं नाव जातं. दोन वर्षांमागे एका घरचा धर्मबाप मुलाच्या लग्नाला म्हणून उतरला होता, त्याला अजून कोणी हात मिळवत नाही.

नेवेंकाला जाब विचारायला गेलो. तिच्या खोलीत दोन बॅगा भरून तयार. म्हणाली, तूच म्हणालास ना, बाळाची चिंता सोड?

मुद्दा बिनतोड. माझाच होता.

१३ नोव्हेंबर.

ती गेली. स्टॉपपर्यंत मला उतरता आलं नाही, टेकडीवरून बघितलं. बसमध्ये बसताना एकदाही मागे वळली नाही. रडू येईल म्हणून नसेल वळली.

शांत डोक्याने विचार केला. मी इथे कशाला आलो होतो? नेवेंकाला झाग्रेबला परत पाठवायला. नेवेंका झाग्रेबला परत गेली. म्हणजे मोहीम फत्ते. तपशील थोडा बदलला, एवढंच.

आजपासून मुक्काम क्लेतमध्ये. संकल्प: इथे शिस्त आणायची. या लोकांना दाखवून द्यायचं.

१६ नोव्हेंबर.

चूल पेटत नाही. ओलं लाकूड. इंब्रोला सांगितलं तर म्हणतो, लाकूड कोरडं आहे, धुराड्याची झडप बंद आहे. झडप कुठे असते हे आधी सांगायला काय झालं होतं? (नेवेंकाने सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी तिचे डोळे बघत होतो.)

फोनला इथे रेंज नाही. चॅपलमागे दगडावर उभं राहिलं की मिळते. कुत्रा ओळखायला लागलाय. नेवेंकाला फोन केला, एकटीला कसं वाटतंय विचारलं. म्हणाली, "घर किती शांत आहे, तुला कल्पना नाही."

घर खायला उठत असणार. गलबलून आलं. म्हटलं, धीर धर.

२० नोव्हेंबर.

भर घातली. मेणबत्ती विझली नाही. यालझामावशी बटाट्याचं सूप ठेवून गेली, वर न मागता सल्ला की डोक्यावर टोपी घाला, चुलीकडे पाठ करून झोपू नका, आणि रोज दाढी करू नका, कोण बघतंय. सूप खारट. संपवलं.

टेकडीवरचे लोक येता जाता "धर्मबाप, बाळ कसं आहे?" असं विचारतात. सुरुवातीला उत्तर देत नव्हतो. आता सांगतो, बरं आहे. नाहीतर हलत नाहीत.

२२ नोव्हेंबर.

निर्णय घेतला. शपथ वगैरे मी मानत नाही, मी झाग्रेबचा माणूस आहे. दुपारी बॅग घेऊन सरळ उतरलो आणि बसच्या दारात उभा राहिलो. गुस्तेकने दार उघडलंच नाही. खिडकीतून म्हणाला:

"साहेब, बिशप म्हणून शपथ मीच दिली. आता ड्रायव्हर म्हणून मीच मोडू?"

बसमधल्या म्हाताऱ्याही मान हलवत होत्या. टॅक्सीवाल्याला फोन केला, तो गुस्तेकचा मामेभाऊ निघाला. दरीतल्या रेल्वे स्टेशनवर चालत जाता आलं असतं. पण चिखल. आणि कंबर. आणि तत्त्वाचा प्रश्न: दिलेला शब्द मोडणाऱ्यांपैकी मी नाही. परत चढलो.

आल्या आल्या तळघरात जाऊन बघितलं. पातळी बोटभर उतरली होती. माझ्या गैरहजेरीत! भर घातली. जरा बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर.

बसने बॅग आली. नेवेंकाने पाठवली. स्वेटर, जाड कोट, लोकरीच्या विजारी. किती विचार करते. फोनवर आभार मानले आणि सुचवलं की शनिवार-रविवार इकडे ये, भाजी आण. म्हणाली, शनिवारी तिला कॉयरची तालीम असते.

कॉयर? एकतीस वर्षांत ती गाताना मी ऐकली नाही. विचारलं, तुला गाता येतं? म्हणाली, येतं.

मग मी तिला श्वास कसा घ्यायचा ते समजावून सांगितलं. लाइन तुटली. रेंज.

३ डिसेंबर.

दुसरी बॅग. पायजमे, पुस्तकं, माझा दाढीचा जुना ब्रश, बुटांची पॉलिशं, टाय. सगळे टाय. क्लेतमध्ये टाय! तरी आज एक लावला. यालझामावशीने विचारलं, कोणी गेलं का?

नेवेंकाचा फोन लागला नाही. लागला तेव्हा मागे माणसांचा आवाज होता, हसण्याचा. रेडिओ असेल. नंतर करते म्हणाली.

पिंप उत्तम. रसाचा, म्हणजे वाइनचा, रंग निवळत चाललाय. इंब्रोला वरच्या पायरीवर बसवून ग्लास दिला. त्याने प्रकाशात धरला, चव घेतली. छान आहे म्हणाला. तुम्ही बरं सांभाळलंत दाजी, म्हणाला. या माणसाला फार काही कळत नाही, पण हे त्याने बरोबर ओळखलं.

९ डिसेंबर.

बर्फ. नेवेंकाचा फोन नाही. मी केला तर उचलला नाही. बर्फाने तारा तुटल्या असतील. मोबाइलला तारा नसतात हे मला माहीत आहे.

इंब्रोला विचारलं, तिने काही सांगितलंय का तुला. तो म्हणाला, दाजी, थंडी फार आहे, घरी झोपायला या, विन्सेंट काही बोलणार नाही. मी म्हटलं, शपथ म्हणजे शपथ. मुद्दा तो नव्हता. त्याने उत्तर दिलं नव्हतं.

१४ डिसेंबर.

तिसरी बॅग. गुस्तेक स्वतः वरपर्यंत घेऊन आला, बर्फातून. बस रस्त्यावर तशीच उभी, माणसांसकट. खाली ठेवली आणि उभा राहिला. म्हटलं, काही हवंय का? नाही म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. अतिपरिचय. या लोकांची सवय.

उघडली. उन्हाळी सँडल. अर्ध्या बाह्यांचे शर्ट. समुद्रावर घालायची चड्डी. उन्हाची टोपी. मी जानेवारीत परत जाणार, सँडल कशाला? घाईत चुकीच्या कपाटातलं भरलं असेल. बायकांना घाई फार.

सगळ्यात खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. सोडलं. आमच्या दारावरची पितळी पाटी. माझ्या नावाची. घासूनपुसून चकचकीत केलेली. स्क्रूसुद्धा एका पुडीत, व्यवस्थित.

याला घाई म्हणता येत नाही. घाईत कोणी स्क्रू जपून ठेवत नाही.

खाटेवर बसलो. मग रडलो. लिहायला हरकत नाही, हे कोण वाचणार. मला घरी जायचंय. पण मी म्हणतो ते घर तिचं आहे आणि तिथे आता शांत आहे.

अंधार पडायच्या आत भर घातली. क्लेतच्या दारासाठी इंब्रोकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. त्याने लगेच काढून दिला.